फारकतीचा स्टँप आणि गोफ मोडून घेतलेलं वावर

*वकीलबाई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आहे. लग्नाला 15 वर्षं झाली. मुलगी 12 वर्षांची, मुलगा 8 वर्षांचा. मालक दारू पिऊन मारत होते, आता दुसऱ्या बाईसोबत राहतात. आठ महिन्यांपासून मी लेकरं घेऊन माहेरी आहे. सासऱ्यांच्या नावावर साडेचार एकर वावर आहे, ते त्यांच्या वडलांकडून आलेलं. 2016 साली आम्ही दोन एकर विकत घेतलं, ते मालकांच्या नावावर. त्यात माझा माहेरचा गोफ मोडला. बचत गटातून 30 हजार उचलले, ते मीच मजुरीच्या पैशातून फेडले. घरकुल माझ्या नावानं मंजूर झालं, बांधलं सासऱ्यांच्या जागेवर. आता येत्या रविवारी बैठक आहे. 500 रुपयांच्या स्टँपवर फारकत लिहून दे, दीड लाख घे, तुझा अन् लेकरांचा वावराशी काही संबंध नाही असं लिही, म्हणतात. भाऊ म्हणतो, सही कर अन् मोकळी हो. मैत्रीण म्हणते, घटस्फोट घेतला की कायद्यानं अर्धं वावर मिळते, मोबाइलवर पण तसंच आलं होतं. मी कोणाचं ऐकू? — एक ताई, जि. यवतमाळ*

ताई,

भावाचं ऐकू नका आणि मैत्रिणीचंही ऐकू नका. भाऊ काळजीपोटी बोलतोय, मैत्रीण तुमच्या बाजूनं बोलतेय, हे मान्य. पण कायद्याच्या बाबतीत दोघंही चुकताहेत, आणि दोघांच्या चुकीची किंमत तुम्हालाच मोजावी लागेल.

आधी मैत्रिणीचं घेते, कारण ही समजूत आमच्या तालुका कोर्टाच्या पायरीवर मला दर आठवड्याला भेटते. आपला हिंदू विवाह कायदा 1955 सालचा. घटस्फोट झाला म्हणून नवऱ्याच्या नावावरच्या जमिनीचे दोन भाग करा, असं सांगणारं एकही कलम त्यात नाही. कलम 27 आहे, पण ते लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून ज्या वस्तू आल्या त्यांच्यापुरतं. वावर त्यात येत नाही. गोव्यात वेगळं आहे. तिथं पोर्तुगीजांच्या काळातला कायदा आजही चालतो आणि लग्नानंतरची मालमत्ता साधारणपणे दोघांची समाईक धरली जाते. आपल्याकडेही नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा देणारं विधेयक आलं होतं, 2013 मध्ये राज्यसभेनं ते मंजूरही केलं, पण लोकसभेत ते कधी पार झालं नाही आणि बारगळलं. मोबाइलवर फिरतो तो मजकूर बहुधा त्याच काळातला. एवढं खरं की 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं घर सांभाळणाऱ्या बायकोच्या कष्टाला पैशाइतकंच मोल देऊन मालमत्तेत अर्धा हिस्सा मान्य केला. तो निकाल आपल्या कोर्टात वाचून दाखवता येतो, पण आपल्या न्यायाधीशांवर तो बंधनकारक नाही.

आता उलटी बाजू, जी कोणी सांगत नाही. घटस्फोटानं वावर मिळत तर नाहीच, असलेला हक्क मात्र जातो. आज तुम्ही बायको आहात. उद्या नवऱ्याचं बरंवाईट झालं आणि त्यानं मृत्युपत्र केलेलं नसलं, तर लेकरांच्या आणि सासूच्या बरोबरीनं तुम्ही पहिल्या वर्गातल्या वारस आहात, मग तुम्ही आठ महिने माहेरी राहा की आठ वर्षं. घटस्फोटाचा हुकूम झाला की हे वारसपण संपतं. आपल्या भागात कास्तकाराच्या घरावर कधी काय ओढवेल ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. कोर्टातून नुसती न्यायिक विभक्तता घेतली, म्हणजे लग्न कायम आणि राहणं वेगळं, तर वारसपण शिल्लक राहतं. नवऱ्यासोबत राहायचं नाही आणि दुसरं लग्नही करायचं नाही, अशी बाई मला विचारते तेव्हा मी पहिल्यांदा हाच रस्ता दाखवते. मात्र विभक्ततेच्या हुकुमानंतर वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत तर त्या जोरावर तोही घटस्फोट मागू शकतो, हे ध्यानात ठेवा.

आता भावाचं. स्टँपवर फारकत लिहिली की बाई मोकळी होते, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि विवाह कायद्याच्या कलम 29 नं ती मोडीत काढलेली नाही. पण अशी रूढी खरोखर आहे हे कोर्टात साक्षीपुराव्यानं सिद्ध करावं लागतं. ते झालं नाही तर स्टँप 500 चा असो की 5000 चा, पाच पंचांच्या सह्या असोत की नोटरीचा गोल शिक्का, कायद्याच्या लेखी तुम्ही नवरा-बायकोच राहता. मग त्या कागदाचा उपयोग काय? तुमच्याविरुद्ध आहे, आणि तो असा.

पोटगीचा, आपल्याकडे खावटी म्हणतात तिचा, जो सरळ रस्ता आहे तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. त्यात एक अट आहे: नवरा-बायको आपसांतल्या संमतीनं वेगळे राहत असतील तर खावटी नाही. तुमच्या फारकतीत लिहिलेलं असणार, ‘आम्ही दोघं राजीखुशीनं विभक्त होत आहोत.’ म्हणजे लग्न तर मोडलं नाही, पण खावटी अडवायला पुरावा तुम्हीच स्वतःच्या सहीनं त्यांच्या हातात दिला. खावटीचा हक्क लिहून सोडता येत नाही असं कोर्टांनी पुष्कळदा म्हटलंय. ते खरं, पण ते सिद्ध करण्यात तुमची दोन वर्षं जातील आणि तोवर लेकरांच्या शाळेचा खर्च कोण करणार?

आणि दीड लाखाचा हिशेब एकदा करून बघा. मुलगा 18 वर्षांचा व्हायला 10 वर्षं आहेत, म्हणजे 120 महिने. महिन्याला पडले 1250 रुपये, तेही तीन जिवांना. एका माणसाला दिवसाला 14 रुपयेसुद्धा होत नाहीत. बैठकीत हा हिशेब मोठ्यानं मांडा. पंचांनाही आकडेमोड कळते.

आता तुमचं काय काय आहे ते बघू.

पहिला गोफ. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही ओळ, तुम्ही ती जाताजाता लिहिली असली तरी. माहेरचे दागिने, आंदणाची भांडी, आलमारी, लग्नात तुम्हाला अंगावर घातलेलं सगळं, हे स्त्रीधन. ते नवऱ्याचं नसतं आणि दोघांचं समाईकही नसतं. सर्वोच्च न्यायालयानं हे 1985 मध्ये प्रतिभा राणी प्रकरणात सांगितलं. 2024 मध्ये पुन्हा सांगितलं की अडचणीच्या वेळी नवऱ्यानं स्त्रीधन वापरलं तरी ते, किंवा त्याची किंमत, परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणजे ‘गोफ तर वावरात गेला’ हे उत्तर चालणार नाही. वावरात गेला असेल तर तो परत करायचा आहे.

पण सिद्ध करावं लागेल. गोफ कोणत्या सराफाकडे मोडला? पावती नसेल तर त्या दुकानाच्या वहीत तारीख असू शकते, विचारून या. लग्नाच्या फोटोत गोफ गळ्यात दिसतो का? दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून 2016 च्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल काढा. त्यात किती पैसे कधी दिले ते लिहिलेलं असतं. गटाच्या रजिस्टरला 30 हजारांचा ठराव असेल आणि कर्जाचं कारणही लिहिलेलं असेल, त्या पानाची झेरॉक्स अध्यक्षांच्या सहीनिशी घ्या. गोफ मोडल्याची तारीख, गटाचं कर्ज आणि खरेदीखत, तिन्ही एका पंधरवड्यातली निघाली तर तुमची बाजू फार मजबूत होते.

यावरून ते दोन एकर तुमच्या नावावर होतील का? प्रामाणिक उत्तर: कठीण आहे. खरेदीखतावर नाव त्याचं, सातबाऱ्यावर नाव त्याचं. पैसे माझे म्हणून जमिनीत माझा हिस्सा, यासाठी वेगळा दिवाणी दावा करावा लागेल, आणि बेनामी व्यवहाराच्या, म्हणजे पैसे एकाचे अन् नाव दुसऱ्याचं अशा व्यवहाराच्या, कायद्याची आडकाठी समोरचा वकील पहिल्याच तारखेला उभी करेल. बायकांच्या बाजूनं त्यात वाट आहे, पण ती लांबची आहे. मी या पुराव्याचा वापर दुसरीकडे करेन: स्त्रीधनाच्या वसुलीत आणि कायम पोटगी ठरवताना. विवाह कायद्याचं कलम 25 कोर्टाला सांगतं की नवऱ्याची कमाई आणि मालमत्ता बघा, दोघांची वागणूक बघा, बाकीची परिस्थिती बघा आणि मग रक्कम ठरवा. गरज पडली तर ती रक्कम नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा म्हणून चढवता येते. कास्तकाराच्या बाबतीत हे फार उपयोगाचं आहे. नुसता ‘दर महिन्याला द्यावेत’ असा हुकूम झाला तर नवरा दरवर्षी नापिकी सांगतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा दिसू लागला की त्याच वावरावर ना नवं कर्ज सहज मिळतं, ना गिऱ्हाईक.

दुसरं, सासऱ्यांचं साडेचार एकर. त्यात आज तुमचा स्वतःचा हिस्सा नाही, सून म्हणून मागता येत नाही. पण लेकरांचं वेगळं आहे. जमीन खरोखर वडिलोपार्जित असेल तर त्यात नातवाला जन्मानं हक्क आहे, आणि हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर नातीलाही तेवढाच. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात मुलींच्या हक्काबद्दल उरलेल्या शंकाही मिटवल्या. ‘वडलांकडून आलेलं’ एवढ्यानं मात्र भागत नाही. सासऱ्यांच्या वडलांचा मृत्यू 1956 च्या आधीचा की नंतरचा, आणि जमीन सासऱ्यांकडे वारसानं आली की वाटणीनं, यावर ती कायद्यानं वडिलोपार्जित ठरते की सासऱ्यांची स्वतःची, हे अवलंबून आहे. ते जुन्या फेरफारात सापडेल. पटवाऱ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. डिजिटल सहीचा सातबारा तर घरबसल्या 15 रुपयांत निघतो, माहेरच्या गावात कोणाच्याही मोबाइलवरून.

दावा उद्याच लावा असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे हिंदू कायद्याची मुंबई पद्धत चालते, आणि तिच्यात बाप स्वतः आजोबासोबत एकत्र असताना मुलानं बापाच्या संमतीशिवाय वाटणी मागता येत नाही असा जुना दंडक आहे. पण याच पद्धतीत बाप आणि मुलगा यांच्यात वाटणी झालीच, तर बायकोला मुलाइतका हिस्सा मिळतो, फक्त ती स्वतः वाटणी मागू शकत नाही. घटस्फोटानंतर अर्थातच तो हिस्साही नाही. म्हणून सासरकडे भावाभावांत वाटणीची कुजबुज ऐकू आली की लगेच वकिलाला गाठा. आणि लेकरांचा वावराशी संबंध नाही असं तुम्ही स्टँपवर लिहून दिलं, तरी त्यांचा हिस्सा तुमच्या सहीनं जात नाही. जातो तो त्यांच्यावरचा तुमचा आजचा दबाव.

घरकुलाचं मंजुरीपत्र पंचायत समितीत असेल, घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये. दोन्हीची नक्कल घ्या. जागा सासऱ्यांची आहे म्हणून तुम्हाला घराबाहेर काढता येतं, ही समजूत सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात मोडली. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली सासऱ्याच्या मालकीचं घरसुद्धा ‘सामायिक घर’ ठरू शकतं. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. तुम्हाला त्या घरात परत जायचं नसेल तर त्याऐवजी भाड्याचा खर्च मागता येतो.

हाच कायदा मी तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी वापरेन. एकाच अर्जात मारहाणीपासून संरक्षण, खावटी, स्त्रीधन परत, लेकरांचा ताबा, राहण्याची सोय, सगळं मागता येतं. नवऱ्यानं मालमत्ता विकू नये, कोणाच्या नावावर करू नये, असा मनाई हुकूमही मागता येतो. बैठकीत तुम्ही सही नाकारलीत की ते दोन एकर दिराच्या नावावर बक्षीस करायला धावतील, असा माझा अंदाज आहे. हे बघितलेलं आहे. म्हणून अर्ज बैठकीच्या आधी तयार असू द्या. आणि फुकट किंवा तुमच्या खावटीची कल्पना असूनही कोणी जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 39 खाली त्या माणसाच्या मागेही जाता येतं.

सासरच्या तालुक्याला खेटे घालायची गरज नाही. खावटीचा आणि हिंसाचाराचा अर्ज तुम्ही राहता तिथल्या कोर्टात चालतो, घटस्फोटाचा अर्जही बायकोला तिच्या राहत्या ठिकाणी करता येतो. वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई किती ते विचारत नाहीत. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यायचा, किंवा 15100 ला फोन लावायचा. खावटी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत महाराष्ट्रात बाईला कोर्ट फी माफ आहे, 1994 पासून. तरीही कोणी ‘फी’ म्हणून पैसे मागितले तर कशाची ते विचारा आणि पावती मागा.

खावटीत नवरा म्हणेल, ‘माझ्या नावावर दोनच एकर, तेही कोरडवाहू, डोक्यावर सोसायटीचं कर्ज.’ म्हणू द्या. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही कमाई, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं, तुम्हालाही. त्याच निकालानुसार खावटी अर्जाच्या तारखेपासून धरायची आहे, म्हणून अर्ज जितका उशिरा तितके पैसे बुडाले. ई-पीक पाहणीत काय पेरलं ते दिसतं, कापूस-सोयाबीन कोणाच्या नावावर विकलं ते बाजार समितीच्या पावतीत, किसान सन्मानचे पैसे बँक पासबुकात. साडेचार एकर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी वाहतो कोण, हे सांगायला शेजारच्या धुऱ्यावरचा एखादा साक्षीदार लागेल. तसा माणूस आत्ताच मनात धरून ठेवा. तुम्ही स्वतःहून घर सोडलं, असंही ते म्हणतील. नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली असेल तर वेगळं राहायला ते पुरेसं कारण आहे, कायद्यातच लिहिलंय. मारहाणीनंतर दवाखान्यात गेला असाल तर तो कागद शोधा.

आणि घटस्फोट? तो घ्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, भाऊ नाही, मीही नाही. घ्यायचाच ठरला आणि तोही तयार असला तर संमतीचा घटस्फोट कलम 13-ब खाली होतो. त्यासाठी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. तुमचे आठ महिने झालेत. त्यानंतर सहा महिन्यांची वाट, पण सगळे वाद मिटलेले असतील तर कोर्ट ती माफ करू शकतं. मधल्या काळात संमती मागेही घेता येते. म्हणजे देण्याघेण्याची बोलणी करायला हातात वेळ आहे, आणि बोलणी व्हावीत ती या अर्जासाठी, स्टँपसाठी नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती वकीलसुद्धा कधीकधी विसरतात. महाराष्ट्रात नवऱ्यानं बायकोला शेतजमीन बक्षीसपत्रानं दिली तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये लागतं. बायकोला! घटस्फोट झाल्यावर तुम्ही त्याच्या बायको नसता, मग ही सवलत नाही. म्हणून तडजोडीत एक एकर जरी पदरात पडणार असेल तरी बक्षीसपत्र नोंदवून, फेरफार होऊन, सातबारा हातात आल्यावरच शेवटच्या तारखेला संमती द्या. 1990 च्या सुमाराला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा आपल्या विदर्भातल्या कितीतरी कास्तकारांनी हसतमुखानं बायकोच्या नावावर वावर करून दिलं होतं. त्या बायकांच्या पदरी पुढं काय पडलं असेल ते असो, माझ्याकडे फारकतीचा स्टँप घेऊन विचारायला त्यांच्यापैकी कोणी आल्याचं मला आठवत नाही.

घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर अपिलाची मुदत 90 दिवस असते. तोवर कोणीही दुसरं लग्न लावायची घाई करू नये, त्यानंही आणि तुमच्या घरच्यांनीही.

इतर वाचक भगिनींसाठी: हे सगळं हिंदू विवाह कायद्याचं आहे. बौद्ध आणि जैन भगिनींनाही तोच लागू आहे. गोंड, कोलाम, कोरकू अशा अनुसूचित जमातींना मात्र तो लागू नाही, त्यांची लग्नं आणि फारकती त्यांच्या रूढीनं. पण हिंसाचाराचा कायदा आणि कलम 144 ची खावटी जातधर्म बघत नाही.

ताई, रविवारच्या बैठकीला जा. न गेलात तर ‘ऐकूनच घेत नाही’ असं होईल. भावाला सोबत न्या, त्याला हे पत्र आधी वाचायला द्या. तिथं एवढंच सांगा, ‘कागद द्या, मी वकिलाला दाखवते.’ कोऱ्या कागदावर नाही, स्टँपवर नाही, ‘फक्त हजेरीसाठी’ म्हणून वहीतही सही नाही. पैसे रोख पुढं केले तर हात लावू नका. सोमवारी सकाळी साडेदहाला विधी सेवा समितीच्या खिडकीशी उभ्या राहा. आधार, लेकरांचे जन्मदाखले आणि लग्नाचा एखादा फोटो सोबत असू द्या. अल्बम सासरी राहिला असेल तर मामा-मावशीकडे लग्नातले फोटो निघतात का बघा, तुमच्या गळ्यात गोफ दिसतो असा एक हवा.